रात्रपाळीची इंग्रजी परिभाषा

रात्री चालणारे काम, ते करणारी माणसे आणि त्यांच्या वेळा यांसाठी इंग्रजीत रूढ झालेला शब्दसमूह. त्यातले शिफ्ट, नाइट ड्यूटी, ऑफ, ओव्हरटाइम हे शब्द मराठीत इतके मुरले आहेत की ‘या आठवड्यात नाइट लागलीय’ म्हणणाऱ्याला आपण इंग्रजी शब्द वापरला याची जाणीवही नसते. ग्रेव्हयार्ड शिफ्ट, डॉग वॉच, मूनलायटिंग हे शब्द मात्र वाचनात भेटतात आणि शब्दशः घेतले तर चकवतात. या शब्दांची घराणी दोन. काही शब्द रात्री जागणाऱ्यांनी आपल्या सोयीसाठी घडवले. काही रात्री झोपणाऱ्यांनी जागणाऱ्यांना चिकटवले. पहिल्या घराण्यातले शब्द रुक्ष आणि वाटणीचे आहेत, दुसऱ्यातले भीतीचे, किळसेचे किंवा संशयाचे.

सर्वांत जुना शब्द वॉच. जागे राहण्याच्या क्रियापदाशी त्याचे नाते आहे. पहारा, पहाऱ्याची पाळी, पहारेकरी आणि पुढे मनगटावरचे घड्याळ असे अर्थ त्याला लाभले. मराठीतला पहाराही प्रहरातूनच आला. काळाचा तुकडा आणि राखण ही जोडी दोन्हीकडे सारखीच आहे. इंग्लंडमध्ये 1285 च्या विंचेस्टरच्या कायद्याने गावोगाव सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत पहारा ठेवण्याचा आणि रात्री आढळलेल्या परक्या माणसाला सकाळपर्यंत अडकवून ठेवण्याचा हुकूम दिला. कर्फ्यू हा शब्द त्याच काळातला. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘विस्तव झाका’ असा होता. संध्याकाळची घंटा वाजली की चुलीतला जाळ झाकायचा, म्हणजे लाकडी घरांना आग लागणार नाही. संचारबंदीचा अर्थ त्याला पुढे चिकटला.

जहाजावरची वॉच हा या परिभाषेतला सर्वांत नेटका भाग. शिडाच्या जहाजांवर खलाशांच्या दोन तुकड्या असत आणि चार-चार तासांनी त्या कामावर येत. चोवीस तासांचे असे सहा भाग पडतात. सहा ही समसंख्या असल्याने मध्यरात्र ते पहाटे चार ही मिडल वॉच रोज एकाच तुकडीच्या वाट्याला आली असती. म्हणून दुपारी चार ते रात्री आठ हा एक भाग मधोमध चिरून दोन-दोन तासांचे दोन केले. वॉच सात झाल्या आणि तुकड्यांची अदलाबदल आपोआप होऊ लागली. या दोन अर्ध्या वॉच म्हणजेच डॉग वॉच. कुत्र्याचा त्यात संबंध काय, हे खात्रीने सांगणारे कोणी नाही. दर अर्ध्या तासाला घंटेचा एक ठोका वाढत जाई आणि आठ ठोके पडले की चार तासांची वॉच संपे. वाफेच्या बोटी आल्यावर तीन तुकड्या झाल्या: चार तास काम, आठ तास विश्रांती. रत्नागिरीचे खलाशी आणि गोव्याचे तारवटी ब्रिटिश बोटींवर याच हिशेबाने जगले. व्यापारी जहाजांवर ‘बारा ते चार’ची वॉच आजही बहुधा सेकंड ऑफिसरकडे असते. रात्रीचा त्रास सर्वांना सारखा वाटून देण्याची इतकी साधी युक्ती पुढच्या कारखान्यांना क्वचितच सुचली.

शिफ्ट या शब्दाचा जुना अर्थही वाटणी लावणे हाच आहे. ‘बदलणे’ हा अर्थ नंतरचा. कामगारांची पाळी या अर्थाने तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून खाणी-कारखान्यांत रुळला. ईशान्य इंग्लंडच्या कोळसा खाणींत फोअर शिफ्ट म्हणजे पहाटेची आणि बॅक शिफ्ट म्हणजे नंतरची पाळी. त्याच काळातला रिले हा शब्द बदनाम झाला. मुले आणि बायका यांच्या कामाच्या तासांवर मर्यादा आल्यावर गिरणीमालक त्यांना तुकड्या-तुकड्यांनी आत-बाहेर करत, म्हणजे नेमके कोण किती तास राबले हे निरीक्षकाला ठरवता येऊ नये.

ग्रेव्हयार्ड शिफ्ट म्हणजे साधारणतः मध्यरात्र ते सकाळी आठ. हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत रूढ झाला. त्याची एक कथा वारंवार सांगितली जाते: माणूस चुकून जिवंतपणी पुरला गेला तर त्याला वाजवता यावी म्हणून शवपेटीतून दोरी काढून वर घंटा बांधत आणि ती ऐकायला रात्री स्मशानात माणूस बसे. कथा रंगतदार आहे, पण व्युत्पत्ती म्हणून टिकत नाही. स्मशानासारखी सामसूम, एवढेच स्पष्टीकरण पुरते. दुपारी चार ते मध्यरात्र ही अमेरिकेतली स्विंग शिफ्ट. दुसऱ्या महायुद्धात युद्धसामग्रीचे कारखाने अखंड चालू लागले तेव्हा हा शब्द घरोघरी पोचला. अमेरिकी वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत रात्रीच्या पाळीला लॉबस्टर शिफ्ट म्हणत. त्याच्या उगमाच्या कथा अनेक आहेत आणि एकही पटत नाही.

झोपणाऱ्यांनी दिलेल्या शब्दांत नाइट सॉइल सर्वांत बोलका. मैल्यासाठीचा हा सभ्य शब्द, कारण तो उचलण्याची परवानगी रात्रीच असे. ट्यूडर काळातल्या इंग्लंडमध्ये शौचकूप उपसणाऱ्याला गाँग फार्मर म्हणत, पुढे नाइटमन. भारतातल्या नगरपालिकांच्या कागदपत्रांतही नाइट सॉइल ठाण मांडून बसला. त्यापासून केलेल्या खताला मराठीत सोनखत म्हणतात. खताला सोन्याचे नाव मिळाले. मैला वाहणाऱ्यांच्या वाट्याला मात्र जातीने लादलेले काम आणि मुंबईत हलालखोर हे नाव आले. हाताने मैला उचलायला लावण्यावर कायद्याने बंदी 1993 मध्ये आली आणि 2013 मध्ये ती अधिक कडक झाली.

नॉकर-अप हा त्यामानाने लोभस शब्द. ब्रिटनच्या गिरणीगावांत घड्याळ परवडत नसलेल्या कामगारांना पहाटे उठवणारा हा माणूस. लांब काठीने तो वरच्या मजल्याच्या खिडकीवर टकटक करी आणि त्याबद्दल आठवड्याला काही पेन्स घेई. पूर्व लंडनमधली मेरी स्मिथ नळीतून वाळलेले वाटाणे काचेवर फुंकत असे. तिचे तशा पवित्र्यातले छायाचित्र प्रसिद्ध आहे. मुंबईच्या गिरणगावात हे काम भोंग्याने केले.

मूनलायटिंगचा प्रवास आयर्लंडमधून सुरू होतो. तिथल्या जमीनदारीविरोधी लढ्यात, 1880 च्या सुमारास, रात्री जमीनदारांच्या माणसांवर हल्ले करणाऱ्यांना मूनलायटर म्हणत आणि धमकीच्या पत्रांखाली ‘कॅप्टन मूनलाइट’ अशी काल्पनिक सही असे. विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत त्याला दिवसाची नोकरी करून रात्री दुसरी करणे, हा अर्थ मिळाला. गुन्ह्याची छटा मात्र गेली नाही. 2022 मध्ये विप्रोने 300 कर्मचाऱ्यांना दुसरीकडे काम केल्याबद्दल काढले, तेव्हा हा शब्द मराठी वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत आला. यात चंद्र नावापुरताच उरला होता, कारण घरून काम करणाऱ्याला दुसऱ्या नोकरीसाठी रात्रीची वाट पाहावी लागत नाही.

बोलण्यातली रूपे कोशात हरवतात, पण व्यवहारात तीच लागतात. इंग्रज परिचारिका ‘ऑन नाइट्स’ असते, एका रात्रीला नव्हे तर रात्रीच्या पाळ्यांवर. ‘वर्क नाइट्स’मधला शेवटचा स हा आज अनेकवचनी वाटतो, त्यामागे ‘रात्री’ अशा अर्थाचे जुन्या इंग्रजीतले षष्ठीचे रूप आहे. अर्लीज आणि लेट्स ही त्याची भावंडे. स्प्लिट शिफ्ट म्हणजे मध्ये मोठी फट ठेवून तोडलेली पाळी, बसचालकांच्या परिचयाची. क्लोपनिंग हा अलीकडचा जोडशब्द: रात्री दुकान बंद करणाऱ्यानेच सकाळी ते उघडायचे. रोस्टर डचमधून आला. तिथे त्याचा मूळ अर्थ मांस भाजायची जाळी. आखलेल्या रेघांमुळे तो यादीला लागला. सणाच्या आठवड्यात रोस्टरवर आपल्या नावापुढे नाइट पाहणाऱ्याला मूळ अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

कायद्याला रात्र मोजावी लागते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1990 च्या करारानुसार नाइट वर्क म्हणजे सलग किमान सात तासांच्या कालखंडातले काम, ज्यात मध्यरात्र ते पहाटे पाच हा वेळ यायलाच हवा. भारतात 1948 च्या कारखाने अधिनियमाने पाळी मध्यरात्र ओलांडत असेल तर मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात धरले आणि कामगाराचा पुढचा दिवस पाळी संपल्यापासून मोजला. त्याच कायद्याच्या कलम 66 ने स्त्रियांना सकाळी सहा ते संध्याकाळी सातच्या बाहेर काम देण्यास मनाई केली होती. मद्रास उच्च न्यायालयाने 2000 मध्ये ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. केंद्र सरकारच्या नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतल्या प्रत्येक तासाला दहा मिनिटांचे वजन जादा मिळते आणि नाइट ड्यूटी अलाउन्स त्यावरून निघतो. रात्रीचा तास मोठा असतो हे सरकारी कागदावर मान्य झालेले आहे.

विज्ञानाचे शब्द शेवटी आले. सर्केडियन हा शब्द फ्रान्झ हालबर्ग यांनी 1959 मध्ये लॅटिनमधून घडवला. अर्थ ‘सुमारे एक दिवस’. शरीरातल्या या घड्याळाची पेशींमधली यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना 2017 चे नोबेल मिळाले. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने हे घड्याळ बिघडवणारे पाळीचे काम 2007 मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकले आणि 2019 मध्ये तो निष्कर्ष कायम ठेवला. शिफ्ट वर्क डिसऑर्डर हे झोपेच्या विकाराचे नाव आहे. ते आळसाचे सौम्य रूप नव्हे, हे घरच्यांना पटवणे अजून जड जाते.

पुणे-मुंबईच्या कचेऱ्यांत आता पाळी घड्याळाऐवजी देशाच्या नावाने ओळखली जाते: यूके शिफ्ट, यूएस शिफ्ट, ऑस्ट्रेलिया शिफ्ट. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा हिंजवडीत उन्हाळी वेळेत संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळी वेळेत साडेसात झालेले असतात. भारतात घड्याळे पुढे-मागे होत नाहीत. तरीही मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार उलटला की कॅबच्या वेळा बदलतात आणि ‘विंटर टायमिंग’ हे शब्द रोस्टरवर येतात-जातात, पुण्यात थंडी पडलेली असो वा नसो.