लोभ या शब्दाची दोन घरे

भायखळ्याच्या पुलाच्या पूर्वेस, संत सावता माळ्याचे नाव धारण करणाऱ्या रस्त्यावर, ग्लोरिया चर्चचा उंच मनोरा उभा आहे. आणि तेथून पायी थोडेसे चालले, की ज्या देवाच्या नावाने साऱ्या वस्तीला नाव मिळाले त्या घोडपदेवाचे देऊळ लागते. गोदीत आणि गिरण्यांत राबण्यासाठी कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांनी येथे बिऱ्हाडे केली, त्यांच्यासमवेत त्यांचे गावदेव, भजनी मंडळे आणि सत्यनारायण आले. परंतु ही माणसे येथे येण्याच्या कितीतरी आधीपासून या माझगाव परिसरात आणखी एक धर्मशिकवण वस्तीला होती, आणि मनुष्य देवापासून दुरावतो तो कशाने, या प्रश्नाचे तिचे स्वतःचे असे एक उत्तर होते. त्या उत्तराला मराठीत शब्द कसे मिळाले, हा मला फार काळ ओढ लावणारा विषय आहे.

१५३४ साली वसईच्या तहाने मुंबईची बेटे पोर्तुगिजांच्या अंमलाखाली गेली, आणि १५७२ मध्ये माझगावचे बेट सूझा ई लिमा घराण्यास वंशपरंपरेने मिळाले. याच घराण्याच्या आश्रयाने १६३२ मध्ये माझगावात ग्लोरियाचे मूळ देवालय उभे राहिले. आज आपण पाहतो ती इमारत, जुनी वास्तू १९११ साली पाडल्यानंतर भायखळ्यास बांधून १९१३ मध्ये पुरी झालेली. मूळ देवालय उभे राहिल्यानंतर, १६६१च्या विवाहाच्या तहनाम्याने मुंबई इंग्रजांकडे गेली, प्रत्यक्ष ताबा १६६५ साली मिळाला, आणि १७२० मध्ये कंपनी सरकारने पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्र्यांना हद्दपार करून त्यांच्या जागी कार्मेलाइट पंथाचे धर्मगुरू आणले. राज्ये बदलली, पाद्री बदलले, परंतु माझगावच्या पाखाड्यांतून राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेची वहिवाट मोडली नाही. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने, या मूळ निवासी समाजाने आपणास ‘ईस्ट इंडियन’ म्हणवून घेण्यास आरंभ केला खरा, तरी घरात बोलली जाणारी बोली मराठीच राहिली. आणि लोकमान्यांचे स्नेही बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा, ज्यांचा जन्म येथल्याच मातारपाखाडीतला, त्यांना मुंबईच्या कामगारांनी ‘काका’ म्हटले, यातही या समाजाच्या इतर मराठी माणसांशी असलेल्या आप्तभावाची साक्ष आहे.

या माझगावची एके काळी सर्वांत मोठी ख्याती होती ती आंब्यांची. येथील काही झाडांना वर्षातून दोनदा बहर येतो, असे जुने प्रवासी कौतुकाने लिहून गेले आहेत. ख्रिस्ती शिकवणीत मनुष्याला देवापासून दूर नेते ती वासना, आणि तिची कथाही एका फळापासूनच सुरू होते, म्हणून हे आठवले. ते फळ कोणते याचा बायबलातील उत्पत्तीच्या ग्रंथात उल्लेख नाही. सफरचंद ही पाश्चात्त्य चित्रकारांची देणगी होय. ग्रंथात सांगितले आहे ते एवढेच, की हव्वेला ते झाड खाण्यास चांगले, डोळ्यांस सुखद आणि ज्ञान देणारे म्हणून हवेहवेसे दिसले. या तपशिलापाशी वाचकाने अंमळ थांबावे. फळ विषारी नव्हते, कुरूपही नव्हते. ते देवानेच निर्माण केलेले, चांगले असे फळ होते. आणि तरीही त्याच्याकडे लागलेली दृष्टी फळ देणाऱ्यावरून ढळली, एवढ्यानेच एदेनच्या बागेचे दार बंद झाले. ख्रिस्ती धर्मात पापवासना म्हणजे वाईट वस्तूची आवड, असा जो सर्वसाधारण समज आपल्याकडे आहे, तो या एका कथेनेच निकालात निघतो.

संत ऑगस्टीन (३५४–४३०) या उत्तर आफ्रिकेतील धर्माचार्याने हाच विचार आपल्या आयुष्याच्या कैफियतीतून मांडला, आणि योगायोग असा, की तेथेही फळेच आहेत. वयाच्या सोळाव्या वर्षी सवंगड्यांसह त्याने रात्री शेजारच्या बागेतील नासपतीची फळे चोरली. भूक नव्हती, घरी त्याहून चांगली फळे होती, आणि चोरलेली बहुतेक डुकरांपुढे टाकून दिली. मग चोरली का, या प्रश्नाचा पिच्छा त्या माणसाने पिकल्या वयापर्यंत सोडला नाही. त्याच्या विचाराचा सारांश असा, की मनुष्याचे हृदय प्रेम केल्यावाचून राहूच शकत नाही; परंतु त्या प्रेमाला एक क्रम आहे, आणि जे दुय्यम आहे त्याला पहिल्या आसनावर बसविले म्हणजे तेच प्रेम माणसाला देवाकडे पाठ करून चालावयास लावते. बायबलातील याकोबाच्या पत्रात या चालण्याचे टप्पे गर्भधारणेच्या रूपकाने सांगितले आहेत: वासना आधी ओढते, मग भुलविते, मग तिला पापरूपी अपत्य होते, आणि ते अपत्य वाढून मृत्यूला जन्म देते. कोणीही एका उडीत देवापासून दूर जात नाही, ही त्यातील जाण मला अत्यंत खरी वाटते. घोडपदेवच्या चाळीत व्यसनापायी संसार मोडताना ज्याने पाहिला आहे, त्याला तर ती निराळी समजावून सांगावी लागत नाही.

हे सारे मराठीत प्रथम सविस्तर सांगितले ते एका इंग्रजाने. थॉमस स्टीफन्स हा येशूसंघाचा धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आला आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत बहुतेक काळ गोव्यातील साष्टी प्रांतात राहिला. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांच्या जुन्या पोथ्या राजसत्तेच्या हुकुमाने हिरावल्या गेल्या होत्या, आणि पुराण ऐकण्याची शतकांची सवय असलेले ते कान रिते झाले होते. त्या अन्यायाचा विसर पडू न देताच त्यातून जन्मलेल्या ग्रंथाकडे पाहिले पाहिजे. १६१६ साली रायतूर येथे स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले, तेही रोमी लिपीत, कारण देवनागरीचे खिळे तेथे नव्हते. जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत, आणि त्यातील पहिले पुराण सृष्टीच्या उत्पत्तीपासून आदामाच्या पतनावरून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंत चालत येते. स्टीफन्सने स्वर्गाला वैकुंठ म्हटले, छंद ओवीचा घेतला आणि सिद्धान्ताचे व्याख्यान देण्याऐवजी गोष्ट सांगितली. म्हणूनच ज्या माणसाने ज्ञानेश्वरी ऐकली आहे त्याला एदेनची बाग परकी वाटत नाही. सबंध ग्रंथ देवनागरीत छापून यावयास मात्र १९५६ साल उजाडावे लागले.

परंतु भाषांतराची खरी कसोटी ग्रंथाच्या आकारात नसून एकेका शब्दात असते. दहा आज्ञांपैकी शेवटच्या आज्ञेचे उदाहरण घ्या. शेजाऱ्याचे घर, स्त्री, बैल, गाढव यांची अभिलाषा मनातही बाळगू नये, अशी ती आज्ञा आहे, आणि कॅथलिक गणनेत तिच्याच नवव्या व दहाव्या अशा दोन आज्ञा होतात. मराठी बायबलात या ठिकाणी ‘लोभ’ हा शब्द योजलेला आहे. आता हाच लोभ आपण पत्राच्या अखेरीस वडीलधाऱ्यांकडे हात जोडून मागतो! मुंबईतील चाकरमान्याने गावी धाडलेल्या प्रत्येक कार्डावर शेवटी त्याची विनंती असे. एका घरी लोभ म्हणजे माया, दुसऱ्या घरी तोच लोभ म्हणजे देवाज्ञेचा भंग. आणि गंमत म्हणून नव्हे तर पूर्ण गांभीर्याने सांगतो, ही दोन घरे एकाच भिंतीची आहेत, कारण ऑगस्टीन जे म्हणतो ते हेच, की माया आणि अभिलाषा यांची जात एक, दिशा तेवढी भिन्न. ‘वासना’ या शब्दाचेही तसेच. पिंडाला कावळा शिवेना म्हणजे गेलेल्याची वासना कशात तरी अडकली, असे आपण म्हणतो. तेथे वासना पाप नसते, अपुरी राहिलेली गाठ असते. मिशनऱ्यांनी हा शब्द उचलला तेव्हा ती गाठही त्यासोबत आली.

ख्रिस्ती पापांच्या यादीचा आपल्या षड्रिपूंशीही ताळा घालून पाहावा. ग्रेगरी या सहाव्या शतकातील पोपने घालून दिलेल्या मांडणीतून रूढ झालेली सात मूळ पापे म्हणजे गर्व, द्रव्यलोभ, कामवासना, मत्सर, अधाशीपणा, क्रोध आणि आळस. काम, क्रोध, लोभ, मद, मत्सर हे आपले पाच शत्रू त्यात सहज भेटतात. अधाशीपणा आणि आळस यांना आपल्या यादीत आसन नाही, आणि मोहाला त्यांच्या यादीत नाही.

१८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले, १८२६ मध्ये त्यांच्या मिशनने मराठी नवा करार छापून काढला, आणि तेव्हापासून मुंबईच्या मराठीत या शिकवणीच्या दोन निराळ्या शाखा शेजारी शेजारी नांदू लागल्या. भेद सूक्ष्म पण महत्त्वाचा आहे. १५४६ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ठरविले, की बाप्तिस्म्यानंतरही वासनेचा ओढा माणसात उरतो, परंतु मनाने रुकार दिल्याखेरीज तो ओढा स्वतः पाप नव्हे. लूथरच्या परंपरेने म्हटले, की ओढा हेच मुळी पाप, आणि त्यातून सुटका केवळ कृपेने. म्हणून ग्लोरियासारख्या मंदिरात लाकडी पापनिवेदनपीठ आहे, त्याच्या जाळीपाशी गुडघे टेकून माणूस विचाराने, उच्चाराने आणि आचाराने घडलेले एकेक पाप निवडून सांगतो. काया, वाचा, मन ही आपल्याकडील त्रयी येथे जवळजवळ जशीच्या तशी उभी राहते. गोव्याकडील कुळांत या संस्काराला ‘कुमसार’ म्हणतात. गुडघ्यांखालची फळी, जाळीची बारीक भोके, पलीकडे न दिसणारा पण ऐकणारा कान, आणि ‘केले’ एवढेच नव्हे तर ‘मनात घोळवत बसलो’ हेही सांगावयाचे बंधन: वासनेचा हिशेब इतक्या बारकाईने रुजवात करून घेणारे दफ्तर दुसरे क्वचितच असेल. अमेरिकन मिशनच्या उपासनामंदिरात असे पीठ नाही. तेथे सारी मंडळी एकत्र उभी राहून कबुली देते.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईतच झाला. या कवीने ख्रिस्ताची भक्ती अभंगात आणली, आणि अखेरच्या काळात ज्या बंधुमंडळाची स्थापना केली त्याला ‘देवाचा दरबार’ असे खास आपल्या मुलखातले नाव दिले. वासना मारून टाकावी असे टिळकांना वाटत नव्हते. तिचे तोंड फिरवावे, असे वाटत होते, आणि विठ्ठलाचीच हाव धरणाऱ्या संतांचा हा धडा त्यांनी वारकऱ्यांकडून घेतला होता.

प्रभूची प्रार्थना दोन्ही शाखांची एकच आहे, परंतु तिच्या शेवटाकडील एका विनंतीत मराठी पाठ वेगळे होतात. जुन्या मिशनच्या परंपरेतील माणूस तेथे ‘परीक्षा’ म्हणतो, आणि माझगाव-वसईकडचा कॅथलिक माणूस ‘मोह’ म्हणतो. सात पापांच्या यादीत ज्याला जागा मिळाली नव्हती तो आपला सहावा रिपू, रोज सकाळ-संध्याकाळ म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेत येऊन बसला आहे.