पिनारची नळी आणि धानाची रोवणी

गोंदिया जिल्ह्यातल्या अनेक उपकेंद्रांत आता सिस्टर गरोदर बाईच्या पोटावर छोटं डॉप्लर टेकवतात आणि बाळाचे ठोके खोलीभर ऐकू येतात. त्याआधी हे काम वीतभर लांबीची, कर्ण्यासारखी एक नळी करायची. लाकडाची किंवा अ‍ॅल्युमिनियमची. आधी पोट चाचपून बाळाची पाठ शोधायची, तिथे रुंद तोंड टेकवायचं, दुसऱ्या टोकाला कान लावायचा आणि हात सोडून द्यायचा. वीज लागत नाही, सेल लागत नाही.

फ्रेंच डॉक्टर लेनेकने 1816 मध्ये पॅरिसमध्ये या नळीचा पूर्वज, म्हणजे स्टेथोस्कोप केला, तो छातीसाठी. पोटातले ठोके पहिल्यांदा कोणी ऐकले, यावर मात्र वाद आहे. जिनिव्हाच्या मेयर नावाच्या डॉक्टरने 1818 मध्ये पोटाला नुसता कान लावून ते ऐकले, म्हणून बरेच जण मान त्याला देतात. माझं मत फ्रेंच डॉक्टर केर्गाराडेकला. 1821 मध्ये तो पोटावर स्टेथोस्कोप लावून बाळाच्या हालचालीने गर्भजल कसं डुचमळतं ते ऐकू पाहत होता. कानावर आली घड्याळासारखी टिकटिक. मेयरचा प्रश्न मूल जिवंत आहे की नाही, एवढाच होता. ठोक्यांच्या वेगात आणि जोरात फरक पडला तर त्यावरून बाळाची तब्येत कळेल का, हे केर्गाराडेकने विचारलं. मिनिटाला 120 ते 160 ठोके हा आपल्याकडे पाळला जाणारा दंडक त्याच प्रश्नाच्या वंशातला.

नळीला नाव मिळालं पॅरिसच्या प्रसूतितज्ज्ञ अडॉल्फ पिनारचं. साल सांगतात 1895. त्याच 1895 मध्ये पिनारने फ्रेंच वैद्यक अकादमीपुढे एक टिपण मांडलं. बाळंतपणाच्या घटकेपर्यंत राबणाऱ्या बायका आणि शेवटचे दिवस आश्रयगृहात विसावलेल्या बायका, यांच्या बाळांची वजनं त्याने ताडून पाहिली. विसावलेल्यांची बाळं सरासरी पाव किलोपेक्षा जास्त भरली. विश्रांतीने बाळ पोटात पुरते दिवस राहतं, असं त्याचं म्हणणं.

नळी आणि टिपण यांचा संबंध योगायोगाचा, असं कोणी म्हणेल. 1870 च्या युद्धातल्या पराभवानंतर फ्रान्सला लोकसंख्या घटण्याची धास्ती होती, पिनारलाही तीच चिंता होती, हे खरंच आहे. आश्रयगृहात बायकांना पोटभर जेवणही मिळत असणार, तेव्हा सगळं श्रेय विश्रांतीला देता येत नाही. तरीही मला ही दोन्ही कामं एकाच माणसाची, एकाच ध्यासातली वाटतात. जो रोज पोटाला कान लावतो, त्याला ठोके बिघडेपर्यंत थांबणं कसं पटेल?

गोंदियाला ही कुळकथा लागू पडते ती इथेच. जुलै-ऑगस्टात धानाच्या रोवणीच्या वेळी गुडघाभर चिखलात, कंबरेत वाकून बायका दिवसदिवस परे, म्हणजे धानाची रोपं, लावतात. पोटुशा बायकाही त्यांत असतात. त्यांच्या बुडणाऱ्या मजुरीची थोडी भरपाई व्हावी म्हणून 2017 पासून प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी 5000 रुपये मिळतात. रोवणीच्या मजुरीपुढे ती रक्कम अपुरी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून घरच्यांना विनंती: दिवस भरत आलेल्या बाईला धानाच्या बांधीत उतरवू नका. आणि तिने बाळाची हालचाल कमी झाली असं सांगितलं, तर सकाळची वाट न पाहता तिला दवाखान्यात न्या.