सराफ्यात तोललेली जीप

ग्वाल्हेरला गेलेला गोंयकार किल्ला बघतो, तानसेनाची समाधी बघतो आणि परत येतो. मी एका नातेवाइकाच्या लग्नानिमित्त गेलो होतो. घरच्या बायकांना काहीतरी घ्यायचे होते, त्यामुळे माझ्या वाट्याला लष्करातला सराफा बाजार आला. मला त्याचे वाईट वाटले नाही. दौलतराव शिंद्यांनी उज्जैन सोडून १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी तळ टाकला, तळाचे शहर झाले आणि शहराचे नाव मात्र लष्करच राहिले. सराफा बाजार त्या लष्करातला. दगडी कोरीव सज्जे, खाली दुकाने, वर घरे. आजही तिथे दोन-चार दुकानांत मराठी ऐकू येते, हिंदीच्या वळणाची, पण मराठीच.

शिंद्यांच्या या दौलतीशी आपला संबंध जुना आहे. महादजींचे सेनानी जिवबादादा बक्षी म्हणजे केरकर, आपल्या पेडणे महालातल्या केरीचे. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांची फौज त्यांच्याच हाताखाली होती. त्यांच्यामागे गोमंतकातली आणखी शेणवी घराणी उत्तरेत गेली, मानाला चढली, आणि पुढे दौलतरावांच्या काळात त्यांतली कित्येक भांडणात भरडलीही गेली. त्याविषयी पुन्हा कधीतरी. आजचा विषय वेगळा आहे, आणि तो मला त्या बाजारातच सुचला.

झाले असे की, सराफ्याच्या गर्दीत एक काळी थार अडकली होती. पुढे हातगाडी, मागे रिक्षा, बाजूला गाय. चालवणारा विशीतला मुलगा. डोंगर चढण्यासाठी केलेली गाडी सोन्याच्या बाजारात मुंगीच्या पावलाने सरकत होती. आमचा सराफ तराजूतला काटा बघत म्हणाला, "ही गाडी आजकाल आहेरात मागतात." मी विचारले, "किती तोळ्यांची?" तो हसला, पण माझ्या डोक्यात हिशोब सुरू झाला. जीप सोन्यात तोलली तर किती भरते?

सुरुवात १९४८ पासून करू. काश्मीरची लढाई चालू होती, सैन्याला जीपा हव्या होत्या. लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी तिथल्या एका फर्मशी करार केला: डागडुजी केलेल्या जुन्या २,००० जीपा, सुमारे ८० लाख रुपये. म्हणजे एकीला ४,००० रुपये. बरीचशी रक्कम आगाऊ गेली आणि आल्या १५५ जीपा, त्याही सैन्याच्या कामाच्या नाहीत. स्वतंत्र भारतातला पहिला घोटाळा म्हणून हे प्रकरण ओळखले जाते. १९५५ मध्ये सरकारने ते मिटल्याचे जाहीर केले, १९५६ मध्ये मेनन केंद्रीय मंत्रिमंडळात आले, १९५७ मध्ये संरक्षणमंत्री झाले. १९६१ च्या डिसेंबरात 'ऑपरेशन विजय' झाले तेव्हा संरक्षणमंत्री हेच. आपल्या मुक्तीचा इतिहास सांगताना त्यांचे नाव येते, जीपांचे येत नाही.

तर त्या वेळी दहा ग्रॅम सोने शंभर रुपयांच्या आत होते. आजच्या सराफी भाषेत दहा ग्रॅमचा तोळा धरला तर एक जुनी, दुरुस्त केलेली जीप चाळीस तोळ्यांच्या वर गेली. मूळ अमेरिकन सरकारने १९४१ मध्ये हीच जीप विलिस कंपनीकडून सुमारे साडेसातशे डॉलरला घेतली होती. महायुद्धात विलिस आणि फोर्ड मिळून साडेसहा लाखांच्या आसपास जीपा झाल्या. युद्ध संपले आणि जगभर त्या भंगाराच्या भावात उरल्या. आपल्याकडे त्या भावात मिळाल्या नाहीत, एवढेच.

मुंबईत दुसरी गोष्ट घडत होती. जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्र या भावांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासह १९४५ मध्ये पोलादाचा धंदा काढला होता, 'महिंद्र अँड मोहम्मद'. फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, नंतर गव्हर्नर जनरल झाले, आणि इकडे १९४८ मध्ये कंपनीच्या पाटीवर दोनदा महिंद्र आले. माझगावला विलिसचे सुटे भाग जोडून जीपा बनू लागल्या. पुढे भागही इथेच होऊ लागले. तहसीलदार, वनाधिकारी, फौजदार, पाटबंधाऱ्याचा इंजिनियर यांना सरकारी जीप मिळायची. गावात जीप शिरली की कोणीतरी साहेब आला हे शेंबड्या पोरालाही कळे. चंबळच्या खोऱ्यात, म्हणजे ग्वाल्हेरच्या अंगणातच, डाकूंच्या मागावर पोलीस जीपनेच जात. खासगी माणसाने हौसेने जीप घ्यावी असा तो काळच नव्हता. किमतीचा प्रश्न सरकारी निविदेत सुटायचा.

गोव्यात जीप रुजली ती खाणींवर आणि रानात. डिचोली, सांगे, केपे भागात खाणीवरच्या लाल धुळीत जीप हे बैलगाडीइतकेच साधे वाहन झाले. आणि कुळें. दूधसागरला कुळेंहून जाणारा रस्ता भगवान महावीर अभयारण्यातून, ओहोळांच्या पाण्यातून जातो. तिथे साधी गाडी चालत नाही. तिथल्या लोकांनी जुन्या महिंद्र जीपा घेतल्या, कुणी खाणीवरच्या, कुणी लिलावातल्या, आणि पर्यटक वाहायला सुरुवात केली. आज तिथे चारशेहून अधिक जीपा आहेत. हंगाम पावसाळ्यानंतरचा, साधारण ऑक्टोबर ते मे. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा त्या पट्ट्यातल्या कित्येक चुली या जीपांवर पेटत राहिल्या.

मराठ्यांच्या फौजेत शिलेदार आणि बारगीर असा फरक असे. बारगीराला घोडा सरकारचा, शिलेदाराचा स्वतःचा. शिलेदाराला पगार जास्त, पण घोडा पडला की तो कफल्लक. मग सराफाच्या दारात. कुळेंचा जीपवाला हा शिलेदार आहे. (आणि आपण गोंयकार घोड्यांच्या धंद्यातही मागे नव्हतो. सोळाव्या शतकात अरबी घोडे गोव्यातून विजयनगर आणि विजापूरला जात, आणि त्यांवरची जकात हा पोर्तुगिजांच्या उत्पन्नाचा मोठा भाग होता.)

आता पुन्हा तराजूकडे. २०१० च्या ऑक्टोबरात महिंद्रने 'थार' आणली. जुन्या जीपचेच रूप, मागे समोरासमोर बाकडी, वर कापडी छप्पर. किंमत सहा लाखांच्या घरात. सोने त्या वर्षी दहा ग्रॅमला १८,५०० च्या आसपास. म्हणजे बत्तीस तोळे. खपायची महिन्याला काही शे. घेणारे एकतर रानातले, नाहीतर वेडे. २०१९ मध्ये निरोपाच्या शेवटच्या ७०० गाड्या काढल्या, भाव ९ लाख ९९ हजार. २०२० च्या एप्रिलपासून भारत स्टेज-६ लागू झाले आणि ती थार संपली.

त्याच वर्षी २ ऑक्टोबरला नवी थार आली, नाशिकच्या कारखान्यातून, ९ लाख ८० हजारांपासून. चार दिवसांत ९,००० जणांनी नोंदणी केली. जी गाडी दहा वर्षे कोपऱ्यात उभी होती तिच्यासाठी लोक महिनोन्‌महिने थांबू लागले. काय बदलले? ऑटोमॅटिक गिअर आला, पक्के छप्पर आले, आणि करोनाने घरात कोंडलेल्या माणसाला डोंगर दिसू लागला. २०२४ च्या १५ ऑगस्टला पाच दरवाजांची 'रॉक्स' आली, १२ लाख ९९ हजारांपासून. ऑक्टोबरात नोंदणी उघडली तेव्हा पहिल्या तासात १,७६,२१८ जणांनी नाव घातले. खाणीवरच्या जीपच्या वंशजाला आता छतात काचेची खिडकी आहे.

सोन्यात बघा: २०२० ची थार सुमारे वीस तोळे, २०२४ ची रॉक्स अठरा. आणि २०२५ च्या ऑक्टोबरात सुधारून आलेली तीन दरवाजांची थार ९ लाख ९९ हजारांपासून, तेव्हा सोने सव्वा लाखाच्या आगेमागे. आठ तोळे! चाळिसावरून आठावर. सराफाला हे सांगितले असते तर तो म्हणाला असता, गाडी स्वस्त झाली नाही, सोने वेडे झाले. खरेच आहे. म्हणून मी दुसरे माप लावून बघितले, आमच्या खात्यातले. नव्याने लागलेल्या कनिष्ठ कारकुनाचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता धरला तर २०१० ची थार त्रेपन्न महिन्यांच्या पगाराची होती, २०२० ची बेचाळीस महिन्यांची, २०२५ ची बत्तीस महिन्यांची. म्हणजे या मापानेही ती खाली आली आहे. कारकुनाने ती घ्यावी असे मी म्हणत नाही. घरभाडे, पोरांच्या फिया, तूरडाळ यांचे माप वेगळे आहे.

पण या आठ तोळ्यांत एक खोच आहे, आणि ती कराच्या कायद्यात दडली आहे. चार मीटरच्या आत लांबी आणि डिझेल इंजिन १५०० सीसीच्या आत असेल तर कर कमी. २०२० च्या थारची लांबी ३,९८५ मिलिमीटर, म्हणजे अगदी काठावर, पण डिझेल इंजिन मोठे. म्हणून २०२३ च्या जानेवारीत कंपनीने छोट्या डिझेल इंजिनाची थार काढली, ९ लाख ९९ हजारांपासून. २०२५ च्या २२ सप्टेंबरला जीएसटीचे दर बदलले. छोट्या इंजिनावरचा कर ३१ टक्क्यांवरून १८ वर आला, मोठ्या इंजिनाचा ४८ वरून ४०. छोटी डिझेल थार तेव्हा एक लाख पस्तीस हजारांपर्यंत उतरली, मोठी सुमारे एक लाखाने. आणि ही छोटी, स्वस्त थार फक्त मागच्या दोन चाकांवर चालते. जीपचे जीपपण ज्यात आहे ते चारही चाकांना जोर देणारे यंत्र तिच्यात नाही. ते हवे असेल तर बरेच लाख अधिक मोजा. आठ तोळ्यांत रूप मिळते. १९४८ मध्ये चाळीस तोळ्यांत निदान चारही चाके तरी फिरत होती, कागदावर.

हे रूप गोव्यात कसे वापरले जाते ते आपण रोज बघतो. भाड्याची थार घेऊन पर्यटक किनाऱ्यावर जातात, भरतीच्या पाण्यात रुततात, मग पोलीस गुन्हा नोंदवतात, मग कोणीतरी ट्रॅक्टर आणतो. बातमीचा मजकूर तोच, किनारा तेवढा बदलतो.

कुळेंच्या जीपवाल्याला मात्र ही छोटी थार उपयोगाची नाही. त्याला चार चाकांची, मागे सहा-सात माणसे बसतील अशी, गावच्या गॅरेजात उघडता येईल अशी गाडी हवी. तशी आता शोरूममध्ये मिळत नाही. म्हणून तो जुनीच राखतो, इंजिन बांधतो, पत्रा बदलतो, पंधरा वर्षांनंतरचे नूतनीकरण करून घेतो. २०२४ च्या हंगामात ऑनलाइन आरक्षणावरून कुळेंचे जीपमालक आणि पर्यटन महामंडळ यांच्यात तंटा झाला. वर्तमानपत्रांत तो कमिशनचा वाद म्हणून आला. पण प्रत्येक फेरीतले किती रुपये मालकाच्या हाती उरतात यावरच पुढची जीप येणार की नाही हे ठरते. हंगाम आठ महिन्यांचा, नंबर लागेल तेव्हा फेरी, पावसात गाडी झाकून ठेवलेली. कुळेंच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या जीपांत अजून कापडी छपराच्या पुष्कळ आहेत.