श्रवणमापनातील शून्य

श्रवण आणि वाणी यांच्या शास्त्राचा अभ्यासक संख्याशास्त्राकडे पुष्कळदा केवळ परीक्षेपुरते पाहतो. मोजमाप यंत्र करते, निदान तज्ज्ञ करतो, आणि संख्याशास्त्र शेवटी कोष्टके तयार करण्याच्या उपयोगी पडते, अशी त्याची समजूत असते. श्रवणमापक यंत्रावरील शून्य कसे ठरले याचा इतिहास पाहिला म्हणजे ही समजूत टिकत नाही.

तापमापकावरील शून्याला बर्फाच्या वितळण्याचा आधार आहे. तो कोणत्याही प्रयोगशाळेत पडताळून पाहता येतो. श्रवणमापकावरील शून्याला असा निसर्गदत्त आधार नाही. शून्य डेसिबेल म्हणजे ध्वनीचा अभाव नव्हे. निर्दोष कानाच्या माणसांना जो शुद्ध स्वर जेमतेम ऐकू येतो, त्याची पातळी म्हणजे हे शून्य होय. या व्याख्येतच दोन प्रश्न दडलेले आहेत : ‘जेमतेम’ कसे ठरवावयाचे, आणि ‘निर्दोष’ कोणास म्हणावयाचे?

पहिल्या प्रश्नाचा विचार फेखनर या जर्मन शास्त्रज्ञाने १८६० साली आपल्या मनोभौतिकीवरील ग्रंथात केला. एकाच तीव्रतेचा क्षीण स्वर तोच मनुष्य एकदा ऐकतो, तर दुसऱ्यांदा ऐकत नाही. म्हणून साधारणपणे निम्म्या वेळा ऐकू येणारी पातळी ही त्याची श्रवणसीमा मानण्याचा प्रघात पडला. अर्थात एका व्यक्तीची श्रवणसीमा हीदेखील संख्याशास्त्रीय राशीच आहे.

दुसरा प्रश्न अधिक कठीण ठरला. अमेरिकेत १९३५-३६ साली झालेल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत अनेकांचे श्रवण मोजण्यात आले होते. त्या पाहणीच्या आधारे १९५१ साली अमेरिकन प्रमाण निश्चित झाले. ब्रिटनमध्ये डॅडसन व किंग आणि व्हीलर व डिक्सन यांची मापने १९५२ साली प्रसिद्ध झाली आणि त्यांवरून १९५४ साली ब्रिटिश प्रमाण सिद्ध झाले. या दोन शून्यांत सुमारे १० डेसिबेलांचे अंतर निघाले. तीव्रतेच्या भाषेत १० डेसिबेल म्हणजे दसपट होय.

अमेरिकन माणसाचा कान इंग्रजाच्या कानाहून मंद असतो, असा निष्कर्ष यावरून काढणे चुकीचे झाले असते. भेद कानांत नव्हता, पद्धतीत होता. ब्रिटिश मापने कर्णविकार नसलेल्या, काळजीपूर्वक निवडलेल्या तरुणांवर आणि शांत खोलीत केलेली होती. व्यापक पाहणीत निवडीची आणि शांततेची इतकी कसोशी साधत नाही. किंचित श्रवणदोष असूनही तक्रार न करणारी माणसे ‘निर्दोष’ म्हणून गणली जातात, आणि भोवतालचा गोंगाट क्षीण स्वर झाकून टाकतो. या दोन्ही कारणांनी श्रवणसीमा वरच सरकते, खाली कधीच येत नाही. असा एकाच दिशेचा दोष नमुना मोठा केल्याने नाहीसा होत नाही. १९३९ साली न्यूयॉर्क व सॅन फ्रान्सिस्को येथील जागतिक प्रदर्शनांत बेल टेलिफोन कंपनीने लाखो प्रेक्षकांचे श्रवण तपासले. परंतु हे प्रेक्षक स्वेच्छेने आलेले होते. नमुन्याच्या विस्ताराने यदृच्छेने घडणारी त्रुटी घटते, निवडीतील पक्षपात मात्र तसाच राहतो.

हा वाद १९६४ साली आंतरराष्ट्रीय प्रमाण संघटनेच्या शिफारशीने मिटला. नवे शून्य जुन्या अमेरिकन शून्यापेक्षा ५०० हर्ट्झला १४, १००० हर्ट्झला १० आणि ४००० हर्ट्झला ६ डेसिबेलांनी खाली आले. शून्यासाठी निर्दोष कानांच्या श्रवणसीमांचा बहुलक घेण्याचे तत्त्व स्वीकारले गेले. नजरेतून सुटलेले थोडे सदोष कान सरासरीला एका बाजूस ओढतात. बहुलकावर त्यांचा परिणाम फारच अल्प होतो.

या निर्णयाचे परिणाम प्रयोगशाळेपुरते मर्यादित नव्हते. गोंगाटाच्या कारखान्यात काम करून श्रवण गमावलेल्या कामगाराची भरपाई याच आकड्यांवर अवलंबून असते. अमेरिकेतील नेत्र व कर्णरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९५९ साली सुचविलेल्या नियमानुसार ५००, १००० आणि २००० हर्ट्झ यांवरील श्रवणसीमांची सरासरी १५ डेसिबेलांपर्यंत असल्यास अपंगत्व धरले जात नसे. नव्या शून्यावर हीच मर्यादा सुमारे २५ डेसिबेल अशी लिहावी लागली. आकडा बदलला, कान तोच राहिला. शून्य बदलून मर्यादा मात्र तीच ठेवली असती, तर त्याच कानाचा कामगार एका दिवसात भरपाईस पात्र ठरला असता.

अमेरिकेने नवे शून्य आपल्या राष्ट्रीय प्रमाणात १९६९ साली समाविष्ट केले. तेव्हा त्या काळातील अमेरिकन निबंधांतील श्रवणालेख वाचताना ते कोणत्या शून्यावर आधारलेले आहेत, हे प्रथम पाहणे अवश्य ठरते. ‘३० डेसिबेल दोष’ या शब्दांस तेवढ्यानेच पुरता अर्थ येत नाही. कोणाच्या तुलनेत, कोणत्या परिस्थितीत आणि कोणत्या रीतीने मोजलेले ३० डेसिबेल, हे कळल्यावरच तो आकडा पुरावा ठरतो.