कँटनच्या शेवया आणि पुण्याची कढई

रविवारीं सायंकाळीं घरीं चिनी पद्धतीच्या परतलेल्या शेवया, म्हणजे आपण ज्यांस सरसहा नूडल्स म्हणतों त्या, करण्याची चाल पुण्याच्या सुशिक्षित कुटुंबांत आतां इतकी रुळली आहे कीं, तिचें कोणास नवल वाटेनासें झालें आहे. वाण्याच्या दुकानांत या शेवयांचें पुडकें, सोया सॉसची बाटली आणि पोह्यांची पिशवी एकाच फळीवर सुखानें नांदतात. नवल करावें अशी गोष्ट निराळीच आहे. मुंबई बंदराचा आणि कँटन शहराचा संबंध अडीचशें वर्षांहून जुना आहे. असें असतां कँटनमधील हा अगदीं रोजचा पदार्थ आमच्या चुलीपर्यंत पोहोंचावयास विसाव्या शतकाची अखेर कां उजाडावी? याचें उत्तर पाकशास्त्राच्या पुस्तकांत मिळण्यासारखें नाहीं. त्यासाठीं व्यापाराच्या आणि देशांतराच्या इतिहासाकडे वळलें पाहिजे.

१७५७ पासून १८४२ पर्यंत चीनच्या बादशहानें पाश्चात्यांच्या सागरी व्यापारास कँटन हें एकच बंदर मोकळें ठेविलें होतें. हिरजी जीवनजी रेडीमनी हा पारशी व्यापारी तत्पूर्वींच, १७५६ मध्यें, तेथें जाऊन पोहोंचला होता. पुढें मुंबईहून कापूस आणि माळव्याची अफू यांनीं भरलेलीं जहाजें कँटनकडे जाऊं लागलीं. सर जमशेटजी जिजीभाई यांची अफाट संपत्ति याच व्यापारांतून उभी राहिली, आणि तिचा एक अंश पुण्यासही लाभला. मुळा-मुठेवरील ज्या बंधाऱ्यामुळें बंडगार्डनला त्याचें नांव मिळालें, तो १८५० च्या सुमारास जमशेटजींच्या देणगीच्या आधारें बांधला गेला. संध्याकाळीं तेथें वारा खावयास जाणाऱ्या पुणेकरांच्या पायाखालीं कँटनची अफू आहे असें म्हटलें, तर तें अगदींच वावगें होणार नाहीं.

परत येतांना या जहाजांतून चहा, रेशीम, चिनी मातीचीं भांडीं आणि साखर येत असे. चहाबरोबर त्याचें नांवही आलें. ज्यास आपण चहा म्हणतों त्यास कँटनचा मनुष्य 'छा' म्हणतो, आणि आमच्या अमृततुल्यांतून दररोज सकाळीं त्याचाच पुकारा होत असतो. परंतु शेवया मात्र आल्या नाहींत. त्याचें कारण उघड आहे. परदेशी व्यापाऱ्यांस कँटनच्या तटाआंत राहण्याची मुभा नव्हती. नदीकांठच्या वखारींतून हंगामापुरतें राहावयाचें, बायकांना बरोबर आणावयाचें नाहीं, आणि हंगाम सरतांच निघावयाचें असा तेथला कायदा होता. अशा मनुष्यास चिनी गृहस्थाचें स्वयंपाकघर कोठून दिसणार? पेटींत घालून जें आणतां येतें तें सारें त्यानें आणलें. कढई कशी तापवावी आणि शेवया कितपत उकडाव्या, हें कांहीं पेटींत घालून आणतां येत नाहीं.

तें ज्ञान पोट भरावयास बाहेर पडलेल्या गरीब माणसांच्या हातांतून आलें. वॉरन हेस्टिंग्जच्या कारकीर्दींत अच्यु नांवाच्या एका चिनी व्यापाऱ्यानें कलकत्त्याच्या दक्षिणेस बजबज येथें जमीन मिळवून साखरेचा कारखाना काढला. अचिपूर हें गांव आजही त्याच्याच नांवानें ओळखलें जातें. त्याच्यामागून कलकत्त्यांत चिन्यांची वस्ती वाढत गेली. कँटन प्रांताचे सुतार आले, आणि त्याच प्रांताच्या डोंगराळ ईशान्य भागांतील हाका लोक आले. त्यांनीं चामडीं कमावण्याचा आणि जोडे शिवण्याचा धंदा धरला. 'हाका' याचा अर्थ पाहुणे लोक, म्हणजे उत्तरेकडून येऊन दक्षिणेंत उपऱ्यासारखे राहिलेले. आमच्या पुडक्यांवर 'हाका नूडल्स' अशीं अक्षरें असतात तीं या चांभारकाम करणाऱ्या पाहुण्यांचीं आहेत, याची विकत घेणारास सहसा कल्पना नसते.

मुंबईसही माझगांवच्या गोदीच्या आश्रयानें चिनी वस्ती होती. १९१९ मध्यें बांधलेलें त्यांचें लहानसें देऊळ तेथें अद्याप उभें आहे. त्याच्या नांवांतला 'सी यप' हा शब्द कँटनच्या नैर्ऋत्येकडील चार तालुक्यांचा वाचक आहे. याच चार तालुक्यांतील माणसें १८४९ नंतर सोन्याच्या आशेनें कॅलिफोर्नियास गेलीं आणि त्यांनीं 'चाऊ मीन', म्हणजे परतलेल्या शेवया, अमेरिकेस ठाऊक करून दिल्या. एकाच मुलखांतील एक भाऊ सान फ्रान्सिस्कोस गेला आणि दुसरा माझगांवास आला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

यापुढील भाग सांगतांना आम्हांस संकोच वाटतो; पण तो गाळून हा इतिहास पुरा होत नाहीं. १९६२ च्या आक्टोबर-नोव्हेंबरांत चीनशीं युद्ध झालें, आणि त्याचा सूड या निरुपद्रवी लोकांवर उगवला गेला. आसाम, दार्जिलिंग व कालिंपाँगकडील सुमारें ३,००० चिनी वंशाच्या माणसांस, त्यांत म्हातारे आणि पोरेंबाळेंही होतीं, आगगाडीनें राजस्थानांत देवळी येथील छावणींत नेऊन ठेविलें. पुष्कळांचा जन्म याच देशांतला होता, कित्येकांस चिनी भाषा धड येत नव्हती. कोणावरही खटला झाला नाहीं. शेवटचे कैदी सुटावयास १९६७ साल उजाडलें. सुटून घरीं गेले तों दुकानें आणि घरें लिलांवांत गेलेलीं. अनेकांनीं मग कॅनडाची वाट धरली. कलकत्ता व मुंबई येथील उरलेल्यांस पोलीस चौकीवर हजेरी द्यावी लागे. युद्धांत सरकारास सावधगिरी बाळगावी लागते हें आम्ही जाणतों. पण जोडे शिवणाऱ्याच्या नातवंडांस कांटेरी तारांमागें ठेवण्यांत कोणती सावधगिरी होती, हें आम्हांस आजवर उमगलेलें नाहीं.

आणि येथेंच इतिहासाची विलक्षण गति दिसून येते. माणसें कमी होऊं लागलीं त्याच काळांत त्यांच्या पदार्थाचा बोलबाला सुरू झाला. १९७३ मध्यें मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत 'गोल्डन ड्रॅगन' उघडलें आणि सेचवान प्रांताच्या तिखट पाकाची श्रीमंतांस ओळख झाली. कलकत्त्यांत जन्मलेले नेल्सन वँग यांनीं १९७५ मध्यें मुंबईच्या क्रिकेट क्लबांत आलें, लसूण व हिरवी मिरची यांच्या फोडणींत गरम मसाल्याऐवजीं सोया सॉस घालून 'मांचुरियन' निर्माण केलें, असें ते स्वतः सांगत आले आहेत. १९८३ मध्यें मॅगीच्या झटपट शेवया बाजारांत आल्या आणि मुलांच्या जिभेस या आकाराची संवय लागली. पुढें चौकाचौकांत चायनीजच्या गाड्या उभ्या राहिल्या. त्या गाडीवरील लालभडक पदार्थ कँटनच्या मनुष्यास दाखविला तर तो आपला म्हणून ओळखणार नाहीं. आम्ही त्याबद्दल नाक मुरडीत नाहीं. बटाटा आणि मिरची यांस आम्ही याहून कमी बदललें नाहीं.

तरी मूळ पदार्थ घरीं करून पाहावा असें ज्यांस वाटतें, त्यांस आम्हांस एक गोष्ट सांगावीशी वाटते. या कामाचें अर्धें शिक्षण मराठी घरांत आधींच झालेलें आहे. सोळाव्या शतकांतील 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथांत 'सेविका' सांगितली आहे: गव्हाच्या बारीक पिठाच्या सूक्ष्म वाती वळाव्या, वाळवाव्या आणि दुधांत शिजवून तूप-साखरेसह खाव्या. उन्हाळ्यांत पाटावर शेवया काढणाऱ्या आमच्या आज्या हेंच करीत. चिनी शेवईशीं खरें नातें मात्र कुरडईचें आहे. गहूं तीन दिवस भिजवून, वाटून त्यांचा चीक काढावयाचा, तो शिजवून सोऱ्यांतून पाडावयाचा आणि उन्हांत वाळवावयाचा. गव्हाचा हाच चीक कँटनच्या बल्लवास चांगला परिचयाचा आहे. कोळंबीच्या उकडलेल्या पारदर्शक करंज्यांची पारी तो त्याचीच करतो. भिजविलेल्या कुरडया कांदा व हिरवी मिरची यांच्या फोडणीवर परतून भाजी करण्याची आमच्याकडील रीत ज्यांस ठाऊक आहे, त्यांस परतलेल्या शेवयांचें तत्त्व नव्यानें शिकवावयास नको.

फरक आहे तो पिठांत आणि जाळांत. कँटनची शेवई मैद्यांत अंडें आणि किंचित् क्षार घालून करतात. क्षारानें ती पिवळसर व चिवट होते. पापडांत पापडखार जें काम करतो तेंच हें. आमच्या बाजारांतील पुडकीं बहुधा बिनअंड्याचीं असतात, म्हणून तीं उकळत्या पाण्यांत पुडक्यावर लिहिलें आहे त्याहून मिनिटभर कमी ठेवावीं, थंड पाण्यांतून काढून निथळावीं आणि पंचावर तासभर पसरून कोरडीं होऊं द्यावीं. ओली शेवई परतली जात नाहीं, ती कढईंत पुन्हां उकडते; घरच्या फसलेल्या नूडल्सचा दोष दहांत नऊ वेळां हाच असतो. चिनी खाणावळींतील जाळ घरच्या शेगडीस येत नाहीं, तेव्हां लोखंडी कढई धूर येईतों तापवावी आणि एका वेळीं दोघांपुरतेंच परतावें. सोया सॉसमध्यें चिमूटभर साखर आधींच विरघळवून तो कढईच्या कडेनें सोडावा. मुगाचे मोड आणि कांद्याची पात शेवटीं घालावी. हे मोड आमच्या उसळीचे नव्हेत. मूग तेच, परंतु चिनी मनुष्य ते अंधारांत बोटभर लांब वाढूं देतो आणि वरचें टरफल काढून टाकतो.

या शेवयांचा आणखी एक प्रकार आमच्या घरांतून अद्याप फारसा दिसत नाहीं. त्यांत शेवया मोकळ्या न परततां त्यांची चकती तेलावर मंद आंचेनें दोन्ही अंगांनीं पिवळी, खरपूस होऊं देतात, आणि वर भाज्यांचा दाटसर रस्सा ओततात. कडा कुरकुरीत राहतात, मधला भाग रस्सा पितो. त्यास मोठा जाळ लागत नाहीं कीं चिनी कढई लागत नाहीं. थालिपिठाचा तवा पुरतो.