आमच्या अभियंत्यांची उमेदवारी

अभियांत्रिकीच्या शेवटच्या दोन वर्षांत विद्यार्थ्याला 'नोकरीलायक' बनवण्याचा एक स्वतंत्र उद्योग आता उभा राहिला आहे. व्यक्तिमत्त्व विकास, इंग्रजी संभाषण, गटचर्चा, मुलाखतीचा सराव, टाय कसा बांधावा इथपर्यंत सगळे त्यात शिकवले जाते. बीड जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी यंत्र अभियांत्रिकी शिकवतो आणि या तासिकाही माझ्याच वाट्याला येतात. तेव्हा हे जे लिहितो आहे ते बाहेर उभे राहून केलेले निरीक्षण नव्हे.

या तासिकांमागे एक गृहीत असते. उणीव विद्यार्थ्यात आहे, ती भरून काढली की दार उघडेल. ऊसतोडीच्या कोप्यांत वाढलेला, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला मुलगा हे गृहीत मुकाट्याने मान्य करतो, कारण उणीव आपल्यातच आहे हे त्याला पिढ्यानपिढ्या ऐकवले गेले आहे. परंतु दार कोणी, कधी आणि कोणासाठी बांधले, हा प्रश्न त्याच्या अभ्यासक्रमात कोठेही येत नाही. तो इतिहासाचा प्रश्न आहे.

आमच्या घरात 'इंजिनिअर' हा शब्द 1972 च्या दुष्काळात आला. माझी आजी पाझर तलावाच्या कामावर माती वाहत होती, खडी फोडत होती. जीपमधून उतरणारा, टेप लावून मोजमाप घेणारा आणि आठवड्याच्या पगारात किती कापायचे हे ज्याच्या शब्दावर ठरे, तो 'इंजनेर सायेब'. त्याच्या हाताला माती लागलेली तिने कधी पाहिली नाही. जिल्ह्यातील किती तलाव, किती रस्ते अशा हातांनी झाले याची मोजदाद कोणत्याही मोजमाप पुस्तकात सापडणार नाही. त्याच्याही मागे गेलो तर चामड्याची मोट शिवणारा चांभार, दोर वळणारा मांग, गावाची वेस आणि शिवार राखणारा महार, हे सगळे तंत्र जाणणारेच लोक होते. हातात तंत्र असलेल्या समाजाला तंत्रशिक्षणाच्या शाळेत सर्वांत शेवटी प्रवेश मिळाला, या विसंगतीचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही.

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी शिक्षणाचा आरंभच मुळी नोकरीच्या तयारीतून झाला. 1854 साली पुण्यात जो अभियांत्रिकी वर्ग आणि यंत्रशाळा निघाली, तिचा हेतू सरकारच्या बांधकाम खात्याला दुय्यम अधिकारी पुरवणे हा होता. म्हणजे आधी जागा होत्या आणि मग वर्ग निघाला. मराठवाड्याला तेवढेही भाग्य नव्हते. निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठ 1918 साली स्थापन झाले, त्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय 1929 साली सुरू झाले. पण ते हैदराबादला आणि शिक्षणाचे माध्यम उर्दू. बीडच्या महारवाड्यातून किंवा मांगवाड्यातून तिथवर जाण्याचा रस्ताच नव्हता. तो रस्ता प्रथम दिसू लागला 1950 साली, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय काढले तेव्हा. पुढे हेच मिलिंद महाविद्यालय झाले. आमच्या भागातील पहिली शिकलेली पिढी नागसेनवनातच घडली, हे या पानांच्या वाचकांना सांगायला नको. 1960 साली औरंगाबादला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले आणि प्रथमच विज्ञान शाखेच्या मुलाला मराठवाड्यातच पुढचा टप्पा दिसू लागला.

येथे थोडे मागे जाऊन 1942 साली थांबले पाहिजे. त्या वर्षी जुलैमध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि 29 ऑक्टोबर 1942 रोजी त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांविषयीचे निवेदन दिले. या निवेदनातील शिष्यवृत्त्यांची मागणी सर्वांना ठाऊक आहे. दर वर्षी तीन लाख रुपयांची ती मागणी होती आणि 1944 पासून अनुसूचित जातींच्या मुलांना मिळू लागलेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे मूळ तिच्यात आहे. परंतु बाबासाहेबांचा रोख कोठे होता? नुसत्या कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आपल्या समाजाचे फारसे भले होणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण मिळाले पाहिजे, आणि ते खर्चिक असल्यामुळे सरकारच्या मदतीवाचून मिळणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. एवढ्यावर ते थांबले नाहीत. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आमच्या मुलांना उमेदवार म्हणून घ्यावे, हीही मागणी त्याच निवेदनात आहे.

या दुसऱ्या मागणीकडे आपण दुर्लक्ष केले असे माझे स्पष्ट मत आहे. शिष्यवृत्ती मुलाला वर्गापर्यंत नेते; उमेदवारी त्याला यंत्रापर्यंत नेते. वर्ग आणि यंत्र यांच्यामध्ये जे अंतर आहे तेथेच जात उभी असते, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. सवर्ण मुलाचे ते अंतर काका, मामा, वडिलांचे स्नेही, जातभाई कारखानदार मिळून भरून काढतात. त्याला कोणी 'व्यवसायाची पूर्वतयारी' असे भारदस्त नाव देत नाही, कारण ती त्याला घरातच मिळते. ज्याच्या घरात ती नाही त्याला ती कायद्याने मिळाली पाहिजे, हे त्या मागणीचे सार होते. ही दृष्टी एका निवेदनापुरती नव्हती. बाबासाहेबांच्या मजूर खात्याच्या काळात भारतीय कारागीर तरुण बेव्हिन योजनेखाली इंग्लंडच्या कारखान्यांत शिकायला जात होते आणि 1945 साली रोजगार विनिमय केंद्रांची व्यवस्था उभी राहिली.

स्वातंत्र्यानंतर 1961 साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. 1973 साली त्यात दुरुस्ती होऊन अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारक त्याच्या कक्षेत आले. त्याच दुरुस्तीने कलम 3-अ आले. प्रत्येक निर्देशित व्यवसायात मालकाने अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवल्या पाहिजेत, आणि किती ठेवायच्या हे राज्यातील त्यांची लोकसंख्या लक्षात घेऊन नियमांनी ठरवायचे, असे हे कलम सांगते. 'निर्देशित व्यवसाय' यात अभियांत्रिकीच्या शाखाही येतात. आणि हा कायदा फक्त सरकारी कारखान्यांना लागू नाही, खाजगी कारखान्यांनाही लागू आहे.

खाजगी क्षेत्रात आरक्षण हवे, अशी मागणी आपण 1991 नंतर सातत्याने करत आलो आहोत. ती रास्तच आहे. पण प्रशिक्षणाच्या जागांपुरते का होईना, खाजगी क्षेत्रातील आरक्षण 1973 पासून कायद्यात लिहिलेले आहे. आपल्या मोर्च्यांत ते कधी ऐकू आले नाही. पदवीधर होऊन, त्याच विषयात नोकरी करूनही मला हे कलम वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हते. आपल्या कायद्याच्या अभ्यासवर्गांत तेवढे एक पान वाढले पाहिजे.

आमच्या जिल्ह्यात परळीला औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच 1971 साली सुरू झाला. 1980 च्या दशकात मोठे संच आले. बीडच्या मुलाला प्रचंड टर्बाइन डोळ्यांनी पाहायला मिळेल अशी ही एकच जागा. 1983 साली अंबाजोगाईला अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, परळीपासून फार दूर नाही. हे वर्ष योगायोगाचे नाही. त्याच वर्षी वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि राज्यभर अशा संस्थांचे पीक आले. त्याआधी कर्नाटकात देणग्या मोजून शिकायला जाणारी मुले आता महाराष्ट्रातच मोजू लागली. देणगीची प्रथा इतकी बोकाळली की 1987 साली तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. पुण्याच्या शाळेत आधी जागा होत्या आणि मग वर्ग निघाला होता; आता आधी वर्ग निघाले, जागांचे पुढे पाहू. खाजगी विनाअनुदानित संस्थांतील राखीव प्रवेशांना भक्कम घटनात्मक आधार मिळायला त्र्याण्णवावी घटनादुरुस्ती यावी लागली. मधल्या काळात ज्यांच्याकडे पैसा आणि जमीन होती त्यांची एक पिढी अभियंता होऊन कारखान्यांत आणि ठेकेदारीत स्थिरावली. आमची मुले मोठ्या संख्येने आली तेव्हा वीज मंडळाचे 2005 साली कंपन्यांत विभाजन झाले होते, सरकारी भरती आटली होती आणि उरलेली कामे कंत्राटदारांकडे गेली होती. राखीव जागा ज्या दाराला होत्या ते दारच अरुंद झाले. परळीचे केंद्रसुद्धा 2015 च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. त्या सुमारास माझे काही विद्यार्थी तेथे प्रशिक्षणाला जाणार होते; ते राहिलेच.

माझ्या प्रवेशाचे पैसे वडिलांनी मुकादमाकडून उचल घेऊन भरले. एक कोयता म्हणजे आई आणि वडील, दोघे मिळून. त्या वर्षीच्या हंगामात त्यांनी माझे पहिले वर्ष तोडले आणि वाहिले. शेवटच्या वर्षी एका कंपनीच्या मुलाखतीत तांत्रिक प्रश्नांची उत्तरे दिल्यावर समोरच्या गृहस्थांनी घरच्यांविषयी विचारले. वडील काय करतात, भाऊ काय करतात, गाव कोणते, आडनाव मूळचे कुठले. मी खरे सांगितले. निवड झाली नाही. एका मुलाखतीवरून काही सिद्ध होत नाही, असे मला तेव्हाही अनेकांनी सांगितले. म्हणून त्यांनी केलेला अभ्यास सांगतो ज्यांचे ते कामच आहे. मिलिंदचेच विद्यार्थी असलेले सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी वर्तमानपत्रांतील नोकरीच्या जाहिरातींना एकसारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावाचा. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांशच भरली आणि मुस्लिम नावाला तर एक-तृतीयांश. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासासाठी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो असे सांगणारे अधिकारीच उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' महत्त्वाची मानत होते. मला विचारलेला प्रश्न हा कोण्या एका गृहस्थाचा आगाऊपणा नव्हता, हे मला हे वाचल्यावर कळले.

मग मी माझ्या तासिकेत काय शिकवावे? आत्मविश्वासाने बोला, नजरेला नजर द्या, हे मी सांगतो. इंग्रजी शिकवतो आणि मनापासून शिकवतो, कारण इंग्रजीवाचून चालणार नाही. पण ऊसतोडीच्या हंगामात आईवडील सहा महिने घराबाहेर असताना धाकट्या भावंडांना सांभाळून परीक्षा दिलेल्या मुलीला 'जबाबदारी पेलण्याची क्षमता' हा धडा देताना माझी मलाच लाज वाटते. तिच्याकडे हे सारे आहे. ते कोणत्या भाषेत सांगितले म्हणजे समोरच्याला मोजता येईल, एवढेच तिला माहीत नसते. तेवढे मी सांगू शकतो.

अलीकडे अभ्यासक्रमात आंतरवासिता आवश्यक झाली आहे. विचार चांगला. परंतु ती शोधण्याचे काम विद्यार्थ्यावर सोडले की जुनाच खेळ सुरू होतो. ज्याचा मामा चाकणला आहे तो चाकणच्या कारखान्यात जातो. ज्याचे कोणी नाही तो पैसे भरून घरबसल्या प्रमाणपत्र मिळवतो. बीडच्या मुलाला मुलाखतीला पुण्याला जायचे तर रात्रीची एस.टी. आणि सकाळी स्वारगेटला तोंड धुणे. बीड शहराला रेल्वे आली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी, तीही अहिल्यानगरपर्यंत. 2019 च्या नियमांनी पदवीधर उमेदवाराचे किमान विद्यावेतन महिना 9000 रुपये ठरले. चाकणला खोली, खाणावळ आणि जाण्यायेण्याचा खर्च वजा जाता त्यातून घरी काय पाठवणार? उचल फेडायची आहे म्हणून कित्येक मुले उमेदवारी अर्ध्यावर सोडून परत येतात, आणि 'मुले टिकत नाहीत' असा शेरा आमच्या नावावर चढतो.

गेल्या वर्षीपासून आम्ही काही शिक्षकांनी एक साधे काम सुरू केले आहे. महाविद्यालयात येणाऱ्या प्रत्येक कंपनीला लेखी विचारायचे : तुमच्याकडे शिकाऊ उमेदवारांच्या किती जागा आहेत, कलम 3-अ प्रमाणे किती राखीव आहेत आणि किती भरल्या. पहिल्या पत्राला उत्तर आले नाही. दुसऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्याने फोन करून हे कलम कोठले, असे विचारले. मी त्याला कायद्याची प्रत पाठवली. तिसऱ्या ठिकाणी आमच्या प्राचार्यांनाच फोन गेला आणि मला बोलावणे आले. सर, अशाने कंपन्या यायच्या बंद होतील, असे ते म्हणाले. त्यांची भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. जागा भरायच्या असतात, प्रवेश घटत असतात, आणि आमचा पगारही त्याच प्रवेशांवर अवलंबून असतो.

चौथे पत्र मी विद्यार्थ्यांच्या नावाने तयार केले आहे. शेवटच्या वर्षाच्या अकरा जणांनी त्यावर सह्या केल्या, त्यांत चार मुली आहेत. एकीने सही करण्यापूर्वी विचारले, सर, यात बापाचा व्यवसाय लिहायचा रकाना नाही ना? नाही म्हटल्यावर तिने मराठीत पूर्ण नाव लिहिले.