वेलस्ली कॉलेज : मानसशास्त्र विभागातील संशोधन

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनजवळ असलेल्या वेलस्ली या महिला महाविद्यालयाच्या मानसशास्त्र विभागात विद्यार्थिनींनी व अध्यापकांनी केलेले संशोधनकार्य. महाविद्यालयाला १८७० मध्ये सनद मिळाली आणि १८७५ मध्ये वर्ग भरू लागले. मानसशास्त्राची प्रयोगशाळा १८९१ मध्ये सुरू झाली; महिला महाविद्यालयातली ती पहिलीच. मराठी वाचकाला ‘वेलस्ली’ म्हटले की वसईचा तह आणि असईची लढाई आठवते. पण त्या काळच्या गव्हर्नर जनरल वेलस्लीशी या गावाचा काही संबंध नाही. तिथल्या वेल्स नावाच्या घराण्यावरून ते नाव पडले आहे.

या विभागात डॉक्टरेट करणारे विद्यार्थी नसत. म्हणजे मोठ्या विद्यापीठांत प्राध्यापकाच्या हाताखाली राबणारी जी फळी असते, ती इथे नव्हतीच. होत्या त्या पदवीच्या वर्गातल्या अठरा-वीस वर्षांच्या मुली. प्रयोग त्यांच्यावर होत आणि प्रयोग त्याच करत. निष्कर्षांची कोष्टकेही पुष्कळदा त्यांच्याच हातची असत. पुढे काही जणींची नावे नियतकालिकांत लेखिका म्हणून छापून आली. विभागाच्या कामाचा सगळा घाट या एका गोष्टीतून घडलेला दिसतो.

विभागाची उभारणी मेरी व्हिटन कॅल्किन्स (१८६३–१९३०) यांनी केली. स्मिथ कॉलेजातून १८८५ मध्ये पदवी घेऊन त्या १८८७ मध्ये वेलस्लीत रुजू झाल्या त्या ग्रीक शिकवायला. मानसशास्त्र हा नवा विषय सुरू करायचे ठरले तेव्हा तो शिकवू शकेल अशी स्त्री मिळेना. कॅल्किन्सबाईंनी वर्षभर या विषयाचा अभ्यास करून यावे आणि मग शिकवावे, असा तोडगा निघाला. अभ्यास कुठे करायचा, हा पुढचा पेच. हार्वर्डमध्ये विल्यम जेम्स आणि जोसाया रॉइस त्यांना वर्गात घ्यायला तयार होते, पण अध्यक्ष चार्ल्स एलियट यांचा स्त्रियांना वर्गात बसू देण्यास विरोध होता. वडिलांनी अर्ज केला, कॉलेजनेही शब्द टाकला, आणि ऑक्टोबर १८९० मध्ये परवानगी मिळाली ती फक्त बसून ऐकण्याची. विद्यार्थिनी म्हणून नोंद होणार नाही, हे त्याच कागदात स्पष्ट केले होते. जेम्स यांच्या चर्चावर्गातले इतर विद्यार्थी पहिल्या काही आठवड्यांतच गळाले. मग ग्रंथालयातल्या शेकोटीच्या एका अंगाला जेम्स आणि दुसऱ्या अंगाला कॅल्किन्स असा तो वर्ग चालला. जेम्स यांचा मानसशास्त्रावरचा दोन खंडांचा ग्रंथ त्याच वर्षी बाहेर पडला होता. ग्रंथ छापून येतो न येतो तोच ग्रंथकाराकडून एकटीने समजून घ्यायला मिळणे, असे भाग्य नोंदणी झालेल्या किती विद्यार्थ्यांना लाभले असेल?

प्रयोगाचे प्रत्यक्ष तंत्र मात्र त्या वुस्टरच्या क्लार्क विद्यापीठातील एडमंड सॅनफर्ड यांच्याकडे शिकल्या. परत आल्यावर कॉलेज हॉल या मुख्य इमारतीच्या पाचव्या मजल्यावर, माळ्याच्या जागेत, सुमारे दोनशे डॉलर खर्चून त्यांनी प्रयोगशाळा मांडली. पहिल्याच वर्षी पन्नासहून अधिक मुलींनी विषय घेतला. संवेदना, स्मृती, प्रतिक्रियाकाल यांचे प्रयोग तर त्यांनी केलेच, शिवाय मेंढीच्या मेंदूचे विच्छेदनही केले. या अभ्यासक्रमाचे वर्णन कॅल्किन्स यांनी १८९२ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकॉलॉजी’त प्रसिद्ध केले आहे.

सॅनफर्ड यांच्या सोबतीने झालेला स्वप्नांचा अभ्यास हे विभागाचे पहिले नाव घेण्याजोगे काम. रात्रीच्या वेगवेगळ्या प्रहरांना गजर लावून ठेवायचा, गजर झाला की उठून मेणबत्ती पेटवायची आणि डोळ्यांवरची झोप उडण्याआधी स्वप्न कागदावर उतरवायचे. कॅल्किन्स यांनी ५५ रात्रींत २०५ स्वप्ने टिपली, सॅनफर्ड यांनी ४६ रात्रींत १७०. पुढे या स्वप्नांची वर्गवारी झाली: दृश्य किती, ध्वनीची किती, जागेपणीच्या आयुष्याशी दुवा असलेली किती. स्वप्ने बव्हंशी अलीकडच्या घडामोडींतून, ओळखीच्या माणसांतून आणि जागांतून घडतात, असे त्यांना दिसले. हा निबंध १८९३ मध्ये छापला गेला.

याच वाटेने दोन मुली आणखी पुढे गेल्या. फ्लॉरेन्स हॅलम आणि सेरा वीड यांनी स्वतःच्या स्वप्नांची नोंद ठेवली आणि आपली स्वप्ने सुखाची असतात की त्रासाची, याचा चक्क हिशेब मांडला. ५७.२ टक्के स्वप्ने त्रासदायक निघाली, निखळ सुखाची फक्त २८.६ टक्के. १८९६ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. चारच वर्षांनी १९०० साल छापलेला एक जर्मन ग्रंथ आला, त्यात हे दोन्ही आकडे आहेत. ग्रंथ सिग्मंड फ्रॉइड यांचा, स्वप्नांच्या अर्थावरचा. प्रत्येक स्वप्न ही इच्छापूर्तीच असते, हा त्यांचा सिद्धान्त. आणि निम्म्याहून अधिक स्वप्ने त्रासाचीच असतात, ही त्या सिद्धान्ताला सगळ्यात सरळ हरकत. ती हरकत मांडण्यासाठी फ्रॉइड यांनी या दोघींना साक्षीला काढले आहे. वरवरची कथा त्रासाची असली तरी आतला आशय इच्छेचाच असतो, असे म्हणून त्यांनी हरकत निकालात काढली, तो भाग वेगळा. कॅल्किन्स यांच्या निबंधाचाही त्या ग्रंथात उल्लेख आहे. जगभर गाजलेल्या त्या पुस्तकाला उत्तर द्यायला भाग पाडणारे आकडे माळ्यावरच्या एका प्रयोगशाळेच्या परिवारातून आले होते, हे फार थोड्या ठिकाणी नोंदलेले आढळते.

अशा कामांसाठी ‘वेलस्ली कॉलेजच्या मानसशास्त्रीय प्रयोगशाळेतील लहान अभ्यास’ अशा अर्थाचे एक सदरच ‘अमेरिकन जर्नल’मध्ये येत असे. ‘लहान’ हा शब्द नम्रपणाचा. रंग आणि ध्वनी यांची मनात गाठ पडणाऱ्या व्यक्तींचा, म्हणजे एखादे अक्षर ऐकले की ज्यांना ठरावीक रंग दिसतो अशांचा, शेकडो विद्यार्थिनींना विचारून केलेला अभ्यास १८९३ मध्ये आणि नंतर १८९५ मध्ये ‘सिनेस्थेशिया’ या नावाने प्रसिद्ध झाला. कॅरोलाइन माइल्स यांनी विद्यार्थिनींना त्यांची सर्वांत जुनी आठवण विचारली, तेव्हा तिचे सरासरी वय तीन वर्षांच्या आसपास निघाले. बालपणीच्या विस्मृतीवर लिहिणारे आजही या आकड्यापाशी एकदा थांबतात.

विद्यार्थिनींच्या कामातला सर्वांत झोंबणारा निबंध कॉर्डेलिया नेव्हर्स यांचा. विस्कॉन्सिन विद्यापीठातील जोसेफ जॅस्ट्रो यांनी २५ तरुण आणि २५ तरुणींना भराभर प्रत्येकी शंभर शब्द लिहायला सांगितले होते. तरुणांच्या २,५०० शब्दांत वेगवेगळे शब्द १,३७५ निघाले, तरुणींच्या तितक्याच शब्दांत १,१२३. त्यावरून जॅस्ट्रो यांनी ठरवले की स्त्रियांचे विचार एकमेकींशी जास्त जुळतात. त्यांचे लक्ष आसपासच्या, सजावटीच्या, तयार वस्तूंकडे असते, तर पुरुषांचे दूरच्या, उपयोगी आणि अमूर्त गोष्टींकडे. कापडाचे आणि खाण्याचे शब्द बायकांच्या यादीत जास्त भरले, एवढ्यावर एवढी इमारत! नेव्हर्स यांनी कॅल्किन्स यांच्या मार्गदर्शनाखाली तोच प्रयोग वेलस्लीच्या २५ मुलींवर केला, आणि निष्कर्ष जुळले नाहीत. १८९५ मध्ये ‘सायकॉलॉजिकल रिव्ह्यू’त हे छापून आले. जॅस्ट्रो यांनी उत्तर दिले, त्यावर १८९६ मध्ये कॅल्किन्स यांनी प्रत्युत्तर दिले. मुलगा आणि मुलगी यांना पाळण्यापासून वेगळे वाढवले जाते. तो संस्कार वजा करता येत नाही, तोवर अशा यादीवरून स्त्रीमन आणि पुरुषमन यांचा निवाडा करता येणार नाही, हा त्यांचा मुद्दा. पदवीच्या विद्यार्थिनीने नामवंत प्राध्यापकाचा प्रयोग पुन्हा करून पाहावा आणि तो टिकत नाही असे छापील सांगावे, हे आजही रोज घडत नाही.

कॅल्किन्स यांचे स्वतःचे मोठे काम साहचर्यावरचे. १८९४-९५ मध्ये रजा घेऊन त्या हार्वर्डमध्ये ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांच्या प्रयोगशाळेत पूर्ण वेळ राहिल्या. पद्धत साधी होती. रंगाचा एक तुकडा दाखवायचा, लगेच एक आकडा दाखवायचा; समजा हिरव्यापाठोपाठ ४७. अशा जोड्यांची मालिका संपली की रंग उलटसुलट क्रमाने पुन्हा समोर आणायचे आणि आठवेल तो आकडा लिहून घ्यायचा. जोडी मालिकेत अनेकदा आली, आकडा ठळक होता, जोडी अगदी शेवटी आली किंवा अगदी सुरुवातीला आली, यांपैकी कशाने आठवण जास्त पक्की होते, हे त्यांनी एकेक करून तपासले. वारंवारतेचा परिणाम सर्वांत बलवान ठरला. घोकंपट्टीला नावे ठेवणाऱ्यांना हे रुचणार नाही, पण आकडे तसे आहेत. जर्मनीत जी. ई. म्यूलर यांनी ही पद्धत आणखी घासूनपुसून घेतली आणि कॉर्नेल विद्यापीठातील टिचनर यांच्या पाठ्यपुस्तकात ती गेली. आपल्याकडे महाविद्यालयांत मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला ‘पेअर्ड असोसिएट’ या इंग्रजी नावानेच हा प्रयोग होतो. जर्नलमध्ये उद्दिष्ट, साहित्य, कार्यपद्धती, तक्ता असे सगळे रीतसर उतरते. पद्धत कोणाची, ते बहुधा उतरत नाही.

२८ मे १८९५ रोजी जेम्स, रॉइस, म्युन्स्टरबर्ग, सँतायाना आदी अध्यापकांनी कॅल्किन्स यांची अनौपचारिक परीक्षा घेतली आणि त्या पीएच.डी.च्या सर्व अटी पूर्ण करतात असे एकमताने कळवले. हार्वर्डने पदवी नाकारली. कारण उमेदवार स्त्री होती. प्रबंध १८९६ मध्ये ‘सायकॉलॉजिकल रिव्ह्यू’ची पुरवणी म्हणून छापला गेला. १९०२ मध्ये हार्वर्डशी संलग्न असलेल्या रॅडक्लिफ या महिला महाविद्यालयाने अशा चार स्त्रियांना आपली डॉक्टरेट देऊ केली. तिघींनी घेतली. कॅल्किन्स यांनी नाकारली: काम हार्वर्डमध्ये केले, परीक्षा हार्वर्डने घेतली, तर पदवी दुसऱ्या दाराने कशाला? १९२७ मध्ये हार्वर्डच्याच काही माजी विद्यार्थ्यांनी पुन्हा विनंती केली, तीही फेटाळली गेली. दरम्यान १९०५ मध्ये त्या अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या होत्या आणि त्या वर्षीचे अधिवेशन भरले ते हार्वर्डच्याच केंब्रिज गावात. १९१८ मध्ये अमेरिकन फिलॉसॉफिकल असोसिएशनचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. रॅडक्लिफच्या मुलींना हार्वर्डची पदवी मिळू लागली ती थेट १९६३ पासून.

भारतातल्या या विषयाचा धागाही म्युन्स्टरबर्ग यांच्या हार्वर्डमधल्या प्रयोगशाळेपाशी येतो. कलकत्ता विद्यापीठात १९१६ च्या सुमारास मानसशास्त्राचा विभाग उभारणारे नरेंद्रनाथ सेनगुप्ता हे म्युन्स्टरबर्ग यांचेच विद्यार्थी. त्या नात्याने कॅल्किन्स त्यांच्या गुरुभगिनी ठरतात.

१९०० नंतर कॅल्किन्स ‘स्व’ला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या मानसशास्त्राकडे आणि तत्त्वज्ञानाकडे वळल्या. प्रयोगशाळा नसलेल्या महाविद्यालयांत प्राथमिक मानसशास्त्र कसे शिकवावे, यावर १९१० मध्ये त्यांनी लिहिले, ते आपल्याकडच्या अनेक महाविद्यालयांना आजही कामी येईल. प्रयोगशाळेची सूत्रे एलिनॉर गॅम्बल (१८६८–१९३३) यांच्याकडे गेली. त्या वेलस्लीच्याच १८८९ च्या पदवीधर. कॉर्नेल विद्यापीठात टिचनर यांच्याकडे त्यांनी १८९८ मध्ये डॉक्टरेट मिळवली, विषय वासाला वेबरचा नियम लागू पडतो का हा. अंधाऱ्या खोलीत एक समई वाढवली तर उजेडातला फरक जाणवतो, शंभर समया असताना एक वाढवून जाणवत नाही. फरक जाणवायला वाढ आधीच्या प्रमाणात लागते, हा तो नियम. उजेड आणि वजन मोजता येते, वास कसा मोजायचा? गंधमापक नळी जितकी बाहेर सरकवावी तितका गंधद्रव्याचा पृष्ठभाग उघडा पडतो, या युक्तीवर त्यांचे काम उभे होते. त्यांची स्वतःची दृष्टी अधू होती. १९०९ मध्ये त्यांनी पुनर्रचना पद्धतीने स्मरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला: क्रमाने दाखवलेल्या वस्तू विस्कटून द्यायच्या आणि मूळ क्रम लावायला सांगायचा.

१७ मार्च १९१४ च्या पहाटे कॉलेज हॉलला आग लागली. दोनशेहून अधिक मुली रांगेत बाहेर पडल्या. एकही जीव गेला नाही. इमारत मात्र राहिली नाही, आणि प्रयोगशाळाही तिच्याबरोबर गेली.

नंतरच्या काळात एडना हाइडब्रेडर (१८९०–१९८५) १९३४ मध्ये वेलस्लीत आल्या, त्या आदल्या वर्षीच प्रसिद्ध झालेल्या ‘सेव्हन सायकॉलॉजीज’ या ग्रंथाची कीर्ती घेऊन. मानसशास्त्राचे सात संप्रदाय समजावून देणारे ते पुस्तक अनेक पिढ्यांनी वाचले. वेलस्लीत त्यांनी संकल्पना कशा आत्मसात होतात यावर प्रयोगांची मालिका केली. माणूस आधी मूर्त वस्तूंची संकल्पना पकडतो, मग आकाराची, आणि संख्येची सर्वांत शेवटी, असा क्रम त्यांना आढळला. थेल्मा आल्पर यांनी महाविद्यालयीन स्त्रियांच्या यशप्रेरणेचा अभ्यास केला. कधी दिसते, कधी गायब होते, अशा या प्रेरणेवरचा त्यांचा लेख १९७४ मध्ये ‘अमेरिकन सायकॉलॉजिस्ट’मध्ये आला. स्त्रीच्या भूमिकेविषयीची मते मोजण्यासाठी त्यांनी बनवलेल्या श्रेणीला वेलस्लीचेच नाव आहे.

लॉरेल फुरुमोटो यांनी विभागाचाच इतिहास संशोधनाला घेतला. एलिझाबेथ स्कारबरो यांच्यासह लिहिलेल्या त्यांच्या १९८७ च्या ‘अनटोल्ड लाइव्ह्ज’ या पुस्तकात अमेरिकेतील पहिल्या पिढीच्या स्त्री मानसशास्त्रज्ञांच्या हकिगती आहेत. आईवडिलांच्या देखभालीची जबाबदारी अविवाहित मुलीवरच पडल्याने कोणाच्या कामाला कुठे खीळ बसली, हेही त्यांनी पत्रव्यवहारातून शोधून काढले आहे. अलीकडच्या काळात जोनाथन चीक यांचे लाजाळूपणावरचे आणि जुली नोरेम यांचे ‘बचावात्मक निराशावादा’वरचे काम विशेष परिचित आहे. परीक्षेआधी ‘मी नापासच होणार’ म्हणत रात्रभर वाचत बसणारी आणि पहिल्या वर्गात पास होणारी मुलगी प्रत्येक वर्गात असते. नोरेम यांनी तिच्या या पद्धतीला संशोधनाचा विषय केले.